पाथेय आणि बेट

प्रवासाची तयारी हा विषय सामान्यपणे व्यवहाराच्या खात्यात टाकला जातो, आणि धर्मचिंतनाशी त्याचा संबंध आलाच तर तो मुहूर्त, दिशाशूल किंवा निघताना हातावर घातलेल्या दह्यापुरता मानला जातो. परंतु संस्कृत व पाली वाङ्मयात या तयारीसाठी जो शब्द येतो, तो 'पाथेय', म्हणजे पथावर उपयोगी पडणारे, मराठीत ज्याला शिदोरी म्हणतात ते. आणि हा शब्द फार पूर्वीपासून दुहेरी अर्थाने वापरला गेलेला आहे. एक अर्थ फडक्यात बांधलेल्या भाकरीचा, तर दुसरा जन्मभर केलेल्या कर्माचा. धम्मपदाच्या मलवग्गात, म्हणजे मनाच्या मळाविषयीच्या प्रकरणात, मृत्यूच्या दारी पोहोचलेल्या माणसाला त्याच्यापाशी वाटखर्चाची शिदोरीसुद्धा नसल्याची जाणीव करून दिली आहे आणि लगेचच्या गाथेत स्वतःसाठी एक द्वीप निर्माण करण्यास सांगितले आहे. शिदोरी आणि बेट या दोन कल्पना तेथे अशा शेजारी-शेजारी याव्यात, हा योगायोग असला तरी विचाराला चालना देणारा आहे. कारण त्यातून उभा राहणारा प्रश्न, बेटावर जायला माणूस तयार झाला असे केव्हा म्हणावे, हा आजही सुटलेला नाही.

हा प्रश्न मरोळच्या संदर्भात विचारणे अनाठायी ठरू नये. अंधेरी पूर्वेचे हे जुने गाव आंतरराष्ट्रीय विमानतळाला जवळजवळ खेटून आहे. भुयारी मेट्रोचे मरोळ नाका स्थानक २०२४ साली सुरू झाले आणि त्याच्या पुढचेच स्थानक विमानतळाचे आहे, त्यामुळे बाली, मॉरिशस, श्रीलंका किंवा अंदमान येथे निघालेल्या कुटुंबाला इथून उंबरठा ओलांडण्याइतकेच अंतर उरते. अशा घरात निघण्याच्या आदल्या रात्री जो विधी चालतो तो सर्वपरिचित आहे. घरातला कर्ता माणूस वजनकाट्यावर आधी रिकाम्या हाताने उभा राहतो, मग बॅग उचलून उभा राहतो आणि वजाबाकी करून विमान कंपनीच्या मर्यादेत किती किलो बसते ते सांगतो. त्यानुसार सुती कपडे, डासांचे मलम, ओआरएसची पाकिटे, उलटीची गोळी, पासपोर्टच्या झेरॉक्स, चिवडा आणि खाकरे यांपैकी काय राहील व काय निघेल ते ठरते. उष्ण कटिबंधातल्या बेटासाठी ही यादी मुळीच चुकीची नाही. ऊन, आर्द्रता, डास आणि बिघडलेले पोट हीच तिथली खरी संकटे असतात, आणि त्यांची दखल न घेता निघणाऱ्याला श्रद्धाळू म्हणण्यापेक्षा बेफिकीर म्हणणे योग्य होईल.

त्याच मरोळमध्ये मात्र तयारीचा आणखी एक, पुष्कळ जुना प्रकार पाहायला मिळतो. पावसाळ्याच्या तोंडी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात आगोटीची खरेदी होते. आगोट म्हणजे पावसाळ्याचे महिने निभावून नेण्यासाठी घरात भरून ठेवायची बेगमी, मग ते बोंबील असोत, जवळा असो, सोडे असोत की सुकवलेले बांगडे. या तयारीचे वैशिष्ट्य असे की ती जाणाऱ्याची नसून थांबणाऱ्याची आहे. जून-जुलैत समुद्र बंद असतो, त्याच्यावर होडी घालायची नसते, हे ती आधीच मान्य करते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय कोळी समाज समुद्राला पुन्हा वाट मागत नाही. समुद्राला नाही म्हणण्याचा हक्क आहे, ही धारणा या चालीरीतीच्या मुळाशी आहे. (आज विमानात सुके खोबरे आपोआप पेट घेऊ शकणारा पदार्थ म्हणून नाकारले जाते, तेव्हा समुद्राला चालणारा नारळ, तो सुका झाला की, आकाशाला चालत नाही, असे म्हणायला हरकत नाही.)

'जाता येईल का' याआधी 'जावे का' हा प्रश्न धर्मशास्त्राने अत्यंत कठोरपणे विचारला, इतका की उत्तर बहुतेक ठरूनच गेले. बौधायन धर्मसूत्रात उत्तरेकडील लोकांच्या विशिष्ट आचारांमध्ये समुद्रप्रवासाची गणना आहे, म्हणजे तो घडत होता हे उघड आहे. परंतु त्याच ग्रंथात पातित्य आणणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रसंयान पहिले आहे आणि त्यासाठी तीन वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले आहे. मनुस्मृतीत समुद्रयायी, म्हणजे समुद्रावर जाणारा ब्राह्मण, श्राद्धाला बोलावण्यास अपात्र ठरवला आहे, आणि तोच ग्रंथ दुसरीकडे समुद्रप्रवासात कुशल असलेल्यांनी ठरवलेला व्याजाचा दर प्रमाण मानतो. व्यापाऱ्याचे गलबत आणि त्याचे व्याज समाजाला हवे होते, फक्त त्या गलबतावरून परतलेला माणूस पंगतीला नको होता, असा याचा सरळ अर्थ लागतो. पुढे कलिवर्ज्य नावाच्या संकल्पनेत, म्हणजे पूर्वीच्या युगांत चालत होते पण कलियुगात टाळावे अशा आचारांच्या यादीत, समुद्रयात्रा जाऊन बसली आणि नियम आणखी आवळला गेला : नौकेने समुद्र ओलांडलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याला पुन्हा स्वीकारू नये. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांची सविस्तर छाननी केली आहे, आणि ती वाचताना एक गोष्ट मनात ठसते ती अशी की, ज्या धर्माला प्रत्येक पापासाठी प्रायश्चित्त सापडत होते, त्याला खाऱ्या पाण्यासाठी मात्र ते पुरेसे वाटेनासे झाले.

या बंदीमागे शौचाची, म्हणजे शरीर व अन्न यांच्या शुद्धतेची अडचण असावी, असे म्हटले जाते. जहाजावर स्नानसंध्या, सोवळे आणि स्वतंत्र चूल शक्य नसते हे खरे आहे. पण प्रत्यक्षात प्राचीन जहाजावर कोण होते याची साक्ष पाहिली तर हे स्पष्टीकरण अपुरे पडते. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेहून स्वदेशी निघालेल्या फाहियान या चिनी भिक्षूने आपला जलप्रवास लिहून ठेवला आहे. सुमारे दोनशे माणसांच्या त्या जहाजाला वादळाने गाठले, भोक पडून पाणी आत येऊ लागले, व्यापारी आपला माल समुद्रात फेकू लागले, तेव्हा फाहियाननेही आपली पाण्याची सुरई आणि हात धुण्याचे भांडे फेकून दिले. जपले ते फक्त ग्रंथ आणि मूर्ती, आणि व्यापारी तेही फेकतील या भीतीने तो अवलोकितेश्वराचा धावा करत राहिला. बॅगेचे वजन कमी करण्याचा प्रसंग तर्कशुद्ध टोकाला गेला की काय उरते, याचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. जावा बेटावर काही महिने थांबून तो दुसऱ्या जहाजात बसला. त्यावर पन्नास दिवसांची शिधासामग्री होती, प्रवास सत्तर दिवसांवर गेला, अन्न समुद्राच्या पाण्यात शिजवावे लागले आणि गोडे पाणी मापाने वाटले गेले. वादळ आल्यावर जहाजावरच्या ब्राह्मणांनी आपसांत ठरवले की या श्रमणामुळेच हे अरिष्ट ओढवले आहे, तेव्हा त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे. एका प्रवाशाने हरकत घेतली म्हणून ते टळले. समुद्र वर्ज्य मानणाऱ्या परंपरेतले ब्राह्मण भर समुद्रात होते, आणि शुद्धीची चिंता त्यांना तिथेही सुटली नव्हती, तिचा रोख फक्त शेजाऱ्याकडे वळला होता. सर्वांना तारायचे तर एकाला बेटावर टाकावे, हा विचार वादळाने घेरल्यावर सुचतो.

फाहियानने ज्याचा धावा केला त्या अवलोकितेश्वराचे शिल्प मरोळच्या रहिवाशाला फार लांब शोधावे लागत नाही. मरोळला लागूनच कोंडिविट्याची, म्हणजे महाकालीची, बौद्ध लेणी आहेत, आणि तिथून उत्तरेला बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. कान्हेरीच्या नव्वद क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर मध्यभागी उभा असून त्याच्या दोन्ही बाजूंस छोट्या छोट्या चौकटींत संकटात सापडलेली माणसे कोरलेली आहेत. याला अष्टमहाभय म्हणतात : हत्ती, सिंह, सर्प, अग्नी, चोर, बंधन, पिशाच आणि बुडणारे जहाज. त्या काळच्या प्रवाशाने घरून निघताना मनात धरायची यादीच ती. व्यापाऱ्यांच्या दानातून कोरल्या गेलेल्या या डोंगरात ती असावी हे स्वाभाविक आहे. मात्र या चौकटींकडे बारकाईने पाहिले की लक्षात येते की कोणत्याही चौकटीत प्रवासी स्वतःचे सामान सांभाळताना दाखवलेला नाही. हात जोडलेले आहेत, ते मोकळे आहेत. तयारीची ही कल्पना वजनकाट्यावरच्या तयारीहून वेगळी आहे, आणि वेगळी असली म्हणून भाबडी नाही, कारण जहाज बुडू लागल्यावर सुरई फेकावीच लागते हे तिला आधीपासून ठाऊक आहे.

समुद्राची बंदी मोडली गेली ती न्याय्यच होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, त्याआधी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जातिबहिष्काराच्या भीतीला जाहीर उत्तर दिले, आणि आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येऊन राहणार, असे सांगितले. अठराव्या वर्षात असलेल्या मुलीने सामान बांधण्याआधी आपल्या जाण्याचा जाब देणे हीच त्यांची खरी पूर्वतयारी होती. कोकणातले जे मजूर मुंबई बंदरातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे गेले, त्यांना शास्त्रार्थ करण्याची चैन परवडणारी नव्हती. त्यांनी नेलेली शिदोरी कोणती होती ते आज त्या देशाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत गणेश चतुर्थी आहे यावरून दिसते. पुढे विनायक दामोदर सावरकर यांनी हिंदू समाजाला जखडणाऱ्या सात बेड्या मोजताना त्यांत सिंधुबंदीचा स्वतंत्र उल्लेख केला. ज्याला सरकारने १९११ साली काळ्या पाण्यावर, अंदमानच्या बेटावर नेऊन कोठडीत टाकले, त्यानेच पुढे ही बेडी तोडण्याचा आग्रह धरावा, यात एक तर्कसंगती आहे. समुद्र ओलांडल्याने धर्म जातो ही समजूत राज्यकर्त्यांना शिक्षेची धार वाढवण्यासाठी उपयोगी पडली होती, हे तिच्या सदोषतेचे पुरेसे प्रमाण मानता येईल.

तथापि बेडी तोडताना तिच्याबरोबर आणखी एक वस्तू फेकली गेली, आणि ती फेकायची नव्हती. धर्मशास्त्राने समुद्रप्रवासाविषयी जो प्रश्न चुकीच्या जागी लावला होता, तो तीर्थयात्रेच्या प्रकरणात योग्य जागी लागलेला आहे. तो प्रश्न अधिकाराचा. अधिकार म्हणजे एखादे कर्म करण्याची पात्रता, हक्क नव्हे. तीर्थयात्रेला निघणाऱ्याने आदल्या दिवशी उपवास करावा, गणेशपूजन करावे, पितरांचे श्राद्ध करावे, मागे राहणाऱ्यांच्या निर्वाहाची सोय लावावी, ऋणे फेडावीत आणि मग संकल्प सोडावा, असा क्रम निबंधग्रंथांत येतो. आणि महाभारताच्या वनपर्वात तर तीर्थाचे फळ ज्याचे हात, पाय आणि मन आवरलेले आहे त्यालाच मिळते असे स्पष्ट केले आहे. या सगळ्या तरतुदींत प्रवाशाच्या सुखसोयीसाठी जवळजवळ काही नाही. जाणाऱ्यामुळे कोणाचे काय बिघडेल, आणि ते बिघडू नये म्हणून त्याने स्वतःवर काय बंधन घालून घ्यावे, इतकाच त्यांचा विषय आहे. आवरलेले हात ही अट तर शब्दशः घेण्यासारखी आहे, कारण किनाऱ्यावर पडलेला शंख किंवा पोवळ्याचा तुकडा उचलून बॅगेत टाकणारे हात आवरलेले नसतात. भारतात पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिलेले आहे, हे मात्र किनाऱ्यावर गेल्यावर फार थोड्यांना आठवते.

अंदमानात हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. ब्रिटिशांनी १८५८ साली तिथे बंदिवसाहत उभारल्यानंतर ग्रेट अंदमानी जमाती ज्या गतीने खंगल्या, त्यात बंदुकीपेक्षा रोगराईचा वाटा मोठा होता. १८७७ च्या गोवराच्या साथीने त्यांचा मोठा भाग नाहीसा केला. जारवांशी शांततेचा संपर्क सुरू होऊन एकदोन वर्षे होतात न होतात तोच १९९९ साली त्यांच्यात गोवर पसरला. गोवर ही ज्या घरात लहान मूल आहे तिथली साधी गोष्ट. लस घेतलेल्या प्रवाशाला तिचा पत्ताही लागत नाही. अहिंसेचा विचार करणाऱ्यांनी, विशेषतः जैन परंपरेने, अजाणता होणाऱ्या हिंसेचा पुष्कळ सूक्ष्म विचार केला आहे, श्वासाने मरणाऱ्या जीवांपर्यंत तो पोहोचतो. त्या दृष्टीने पाहता प्रवाशाचा खोकला हा केवळ त्याचा आजार राहत नाही. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाने काही बेटांवर आणि राखीव क्षेत्रांत प्रवेश निषिद्ध केला आहे. म्हणजे ज्या राष्ट्राने सिंधुबंदी मोडली, त्याच राष्ट्राच्या कायद्याने एक नवी सिंधुबंदी घातली, फक्त तिचा हेतू उलटा आहे : जुनी बंदी जाणाऱ्याला विटाळापासून वाचवू पाहत होती, नवी बंदी बेटाला जाणाऱ्यापासून वाचवते.

ही नवी बंदी मोडून जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन ख्रिस्ती धर्मप्रचारक नोव्हेंबर २०१८ मध्ये नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेला आणि तिथे मारला गेला. त्याची व्यावहारिक तयारी अपुरी नव्हती. त्याने वैद्यकीय प्रशिक्षण घेतले होते, लसी घेतल्या होत्या असे सांगितले जाते, भाषा कशी समजून घ्यावी याचाही अभ्यास केला होता, आणि त्याच्या मनात लोकांविषयी द्वेष नव्हता. त्याच्यापाशी पाथेय होते, अधिकार नव्हता. येथे असा आक्षेप घेतला जाईल की धर्मप्रचारकाचे उदाहरण सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाला लावणे अन्यायाचे आहे, आणि तो काही अंशी खरा आहे. परंतु राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडीच्या काचेतून जारवांचे छायाचित्र घेऊ पाहणारा पर्यटक आणि हा प्रचारक यांच्यातले अंतर उद्देशाचे आहे, वृत्तीचे नाही. समोरच्याला हवे आहे की नाही हे विचारण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

संकल्पाची जुनी कल्पना आधुनिक रूपात परत येऊ शकते, याचे उदाहरण प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या बेटराष्ट्राने २०१७ साली घालून दिले. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवली जाते आणि तिच्याखाली त्याला सही करावी लागते. ती प्रतिज्ञा त्या देशातल्या मुलांना उद्देशून आहे, आणि आपल्याला दिले नाही ते घेणार नाही, केवळ पुसून जाणाऱ्या पाऊलखुणाच मागे ठेवू, असा तिचा आशय आहे. पुढे त्याच देशाने पोवळ्यांना घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली, म्हणजे बॅगेतल्या मलमाची नळीही संकल्पाच्या कक्षेत आली. अशी सही यांत्रिकपणे होते, हे म्हणणे खरे असले तरी ते संकल्पाला जितके लागू आहे तितकेच प्रतिज्ञेला. हातावरून पळीभर पाणी सोडतानाही मन बहुधा दुसरीकडेच असते. त्याहून ठळक गोष्ट बालीची. तिथल्या हिंदूंच्या न्येपी या मौनाच्या दिवशी संपूर्ण बेट दिवे मालवते, कोणी घराबाहेर पडत नाही आणि विमानतळही चोवीस तास बंद ठेवला जातो. पाहुणा कितीही दूरवरून आला असो, त्यालाही हॉटेलच्या आत बसावे लागते. आगोट भरणाऱ्या घराला हे बहुधा चटकन समजेल.

आरंभीच्या गाथेतील द्वीपासाठी पालीत आलेला 'दीप' हा शब्द संस्कृतातील दीप, म्हणजे दिवा, आणि द्वीप, म्हणजे बेट, या दोन्हींपासून बनू शकतो, आणि 'अत्तदीप' या पदाचा महाराष्ट्रात रूढ झालेला अर्थ स्वतःचा दिवा व्हा असा आहे. पाली टीकाकारांनी मात्र तिथे बेट हाच अर्थ घेतला आहे. महापुरात ज्यावर पाय टेकता येतो ते बेट. दिव्याच्या अर्थाने माणूस प्रकाश देणारा होतो, बेटाच्या अर्थाने तो आधार होतो, आणि आधार होण्यासाठी त्याच्यापाशी कोणी येणे भाग असते. बेट म्हणजे मुख्यतः जिथे लोक येतात ती जागा, हे या अर्थात गृहीत आहे. प्रवासी बेटाकडे नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने पाहतो, आणि त्याच्या तयारीतला मूलभूत दोष इथे आहे.

मरोळच्या माणसाने तरी हा दोष ओळखावा, कारण मरोळ स्वतः बेटावर आहे. या बेटाचे साष्टी हे नाव षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावे, यावरून आले. १८४५ साली माहीमचा बांध झाला, पुढे रेल्वे आली, भराव पडले आणि आपण समुद्राने वेढलेल्या जमिनीवर राहतो हे लोक विसरून गेले. १५३४ च्या तहानंतर या बेटावर उतरलेले पोर्तुगीज पूर्ण तयारीने आले होते, आणि इथल्या लोकांना ते हवे होते का, हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता. तरीही जे त्यांनी आणले ते इथल्या मातीत रुजले. पुढे ईस्ट इंडियन म्हणवून घेऊ लागलेल्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी ते आपले केले आणि मराठीतच गायले. जेझुइटांनी १५७९ साली बांधलेले संत योहान बाप्तिस्ता यांचे चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडले, गावकरी मरोळमध्ये नव्या जागी सरकले, आणि १९७३ साली त्या भोवतालच्या जमिनीवर सीप्झचे निर्यातक्षेत्र उभे राहिले. त्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. तिथे जायचे असेल तर मरोळच्या माणसालाही सीप्झच्या फाटकावर प्रवेशाची परवानगी घ्यावी लागते.